मोठेबाबांचे निसर्गनियम

सौंसरला मोठेबाबांच्या घरी चहा मिळायचा, पण आधी तो का उकळतो हे ऐकून घ्यावं लागायचं. बुडबुडे तळापासूनच का निघतात, वाफ वर का जाते, बशीत ओतलेला चहा कपातल्यापेक्षा लवकर का निवतो. एवढं सगळं ऐकेपर्यंत बशीतला आणि कपातला, दोन्ही चहा सारखेच गार झालेले असायचे. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. जन्मभर त्यांनी तिथल्याच शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. रिटायर झाल्यावर वर्ग सुटला, शिकवणं सुटलं नाही. मग दूधवाला, बसचा कंडक्टर, संत्र्याच्या तोडीला आलेल्या बाया, जो सापडेल तो त्यांचा विद्यार्थी. आणि कोणीच सापडलं नाही तर मोठी आई, त्यांची बायको, होतीच. ती हातातलं काम न थांबवता ‘हाव, हाव’ करत सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी विचारायची, “मास्तर, झालं असंन तं वरचा पिठाचा डबा काढून देता का?”

त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. आमच्या घरात हा विषय कोणी काढत नसे. मी शाळेत जायला लागलो तेव्हापासून सुट्ट्या लागल्या की आईबाबा पांढुर्ण्याहून मला सौंसरच्या बसमध्ये बसवून द्यायचे, आणि शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मोठेबाबा मला परत आणून सोडायचे. मोठी आई शेजारणींना माझी ओळख ‘आमचा पांढुर्ण्याचा’ अशी करून द्यायची, जसं काही तिनंच मला शिकायला तिकडं ठेवलं आहे. घरामागं जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, होतं. कापसाच्या दिवसांत त्याची घरघर सकाळपासून चालायची आणि हवेत कापसाचे बारीक पुंजके तरंगायचे, ते वाळत घातलेल्या कपड्यांवर, केसांत, कधी कधी वरणातही सापडायचे. दुपारी जेवायच्या सुट्टीत जिनिंग थांबलं की कान एकदम मोकळे व्हायचे, आणि तेव्हा लक्षात यायचं की मोठेबाबा मघापासून आपल्याशी काहीतरी बोलत आहेत. हिवाळ्यात मोठ्या आईच्या हातची सांबारवडी असायची. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो, हे मी पुण्याच्या मित्रांना अजून समजावून सांगत असतो. पाटवडीचा रस्सा असायचा, त्याच्या तिखटानं नाक वाहायचं, आणि नाक का वाहतं तेही आम्हाला सांगितलं जायचं.

ज्या हिवाळ्याबद्दल मी लिहितो आहे त्या हिवाळ्यात मात्र मी सुट्टीला गेलो नव्हतो. मला पाठवलं होतं. रसायनशास्त्रात एमएस्सी करून मी पांढुर्ण्याच्या घरी नोकरीची वाट पाहत बसलो होतो, आणि नोकरीआधी मुलींचे फोटो यायला लागले होते. एका दुपारी आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसलो, दोन-चार शेंगा सोलल्या आणि म्हटलं, “आई, मले लग्न नाई करायचं.”

“सारेच म्हणतात असं.”

“तसं नाई. मले मुली आवडत नाईत. मले पोरंच आवडतात.”

“मंग आवडू दे न,” आई म्हणाली, “माणसाले मित्र असतेच.”

मला ते पुन्हा सांगावं लागलं, आणि मग आणखी एकदा, जरा स्पष्ट. तिसऱ्यांदा तिला कळलं. ती खाली मान घालून सोलत मात्र राहिली, फक्त आता दाणे टरफलांच्या टोपलीत आणि टरफलं दाण्यांच्या पातेल्यात टाकत राहिली. संध्याकाळी तिनं बाबांना सांगितलं. बाबा पोस्टात होते, स्वभावानं अबोल. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, माझ्याकडं पाहिलं, आणि पुन्हा काढून पुसला. मग म्हणाले, “दादाले विचारू.”

आमच्या घरात सगळं दादाला, म्हणजे मोठेबाबांना विचारलं जायचं. ताप किती दिवस राहील, फ्यूज का उडतो, नवीन मोटर कोणत्या कंपनीची घ्यावी. आता मीही त्याच रांगेत जाऊन उभा राहिलो.

मोठेबाबा पहिल्या बसनं आले. बाबांनी त्यांना माडीवर नेऊन सगळं सांगितलं आणि सोबत स्वतःचं निदानही सांगितलं: लहानपणी मी सावरगावच्या बाजूला गोटमार, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन गावांत होणारी दगडफेक, पाहायला गेलो होतो, तेव्हा डोक्याला दगड चाटून गेला होता, त्याचाच हा परिणाम असावा. मोठेबाबांनी ते निदान जागच्या जागी उडवून लावलं. “असं असतं तं अर्ध्या पांढुर्ण्याचं लग्न झालं नसतं,” ते म्हणाले. “हे विज्ञानाचं काम आहे. पोट्ट्याले माझ्याकडं पाठव.” खाली येऊन त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. रागावले नाहीत, लाजले नाहीत. बिघडलेला रेडिओ कोणी दुरुस्तीला आणून दिला की त्यांच्या चेहऱ्यावर जी उत्सुकता यायची, तीच होती. मला तेव्हा तीही मायाच वाटली, आणि आजही वाटते.

अशी माझी दुरुस्ती सुरू झाली. त्यांच्या हाती रेल्वे स्टेशनवरच्या ठेल्यावरून घेतलेली एक पुस्तिका होती. तिच्यात पहिला आरोपी सोयाबीन होता. सोयाबीनमध्ये म्हणे बायकी तत्त्व असतं, आणि ज्या पोरांच्या पोटात ते फार जातं त्यांची गाडी दुसऱ्या रुळावर जाते. झालं, स्वयंपाकघरातला सोयाबीन तेलाचा पिपा बाहेर आला आणि सोयावड्यांची पिशवी दूधवाल्याच्या म्हशीला गेली. घरात जवसाचं तेल आलं. मोठी आई दाराला टेकून हे सगळं पाहत होती.

“मास्तर, हे सोयाबीन तं तुम्ही बी खाल्लं. तुम्हाले काही झालं नाई?”

“माझं शरीर घडून झालं होतं.”

“हाव, घडून झालं अन् तसंच राहिलं,” ती म्हणाली. काही दिवसांनी दूधवाला सांगत आला की म्हैस आजकाल जास्त दूध देते. मोठ्या आईनं मोठेबाबांना हाक मारून बाहेर बोलावलं. “मास्तर, म्हशीले गुण आला!”

मग खाट फिरली. पृथ्वी हे एक मोठं चुंबक आहे, रक्तात लोह असतं, आणि उत्तरेकडं डोकं करून झोपणाऱ्याचे आकर्षणाचे प्रवाह उलटतात, असा तो सिद्धांत होता. खाट फिरवल्यावर माझं डोकं नेमकं स्वयंपाकघराच्या दाराशी आलं, आणि रोज पहाटे मी फोडणीच्या ठसक्यानं उठू लागलो. प्रवाह सुलटले की नाही माहीत नाही, सर्दी मात्र बरी झाली. पुढचा उपाय मेहनतीचा. शरीरात पुरुषी तत्त्व वाढावं म्हणून मला आखाड्यात घातलं. रोज संध्याकाळी लाल मातीत, लंगोट बांधून, सौंसरच्या तगड्या जवान पोरांबरोबर मी तासभर कुस्ती खेळावी अशी मोठेबाबांची सक्त आज्ञा होती. त्या उपायाबद्दल मी आजवर एक शब्द तक्रारीचा काढलेला नाही.

मोठेबाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझी पन्नाशी उलटली, पांढुर्णा जिल्ह्याचं ठिकाण झालं, आणि सोयाबीनचा तो सिद्धांत अजून फिरतोच आहे. परवाच नात्यातल्या कोणीतरी तो आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, वर गुलाबाचं फूल आणि खाली हात जोडलेले. मी वाचलं आणि मला हसू आलं. मोठेबाबांनी निदान पदरचे पैसे देऊन पुस्तिका विकत घेतली होती आणि ओळीन् ओळ पेन्सिलीनं अधोरेखित करून वाचली होती. आता लोक न वाचताच पुढं पाठवतात.

हे सगळं मी हसत हसत लिहितो आहे, आणि तेव्हाही मी पुष्कळ हसलो. मोठी आई तर मला भाकरी वाढताना विचारायची, “काय म्हणते आज तुहं लोह?” पण एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. रोज सकाळी उठलो की मी आधी स्वतःला तपासून पाहायचो. डोळे मिटून आठवायचो, आखाड्यातलं कोणी, बाजारातली कोणी, आणि बघायचो की काही हललं का, काही बदललं का. कारण मोठेबाबांनी मला आयुष्यात कधी चुकीचं सांगितलं नव्हतं. ग्रहण कसं लागतं, वीज आधी का दिसते आणि गडगडाट मागून का येतो, हे जगात सगळ्यात आधी मला त्यांनी सांगितलं, आणि ते पुढे पुस्तकांत तसंच निघालं. मी स्वतः विज्ञान शिकलेला. सोयाबीन, लोह, प्रवाह यांत काही तथ्य नाही हे मला कळत होतं. पण पोटात कुठंतरी वाटायचं, मोठेबाबा म्हणतात तर काय सांगावं.

त्यातच त्यांनी मोहगावची मुलगी पाहायचं ठरवून टाकलं. सुनंदा तिचं नाव, वडिलांचं किराणा दुकान, मुलगी शिकलेली. हा उपचाराचा शेवटचा टप्पा होता. त्या दिवसांत मोठेबाबांचं एक व्याख्यान व्हायचं होतं, पाहण्याचा कार्यक्रम ठरला तो त्यानंतरच्या रविवारी. मी नाही म्हटलं नाही. नाही म्हणून म्हणून मी दमलो होतो, आणि इतकी माणसं माझ्यासाठी इतकं करत असताना त्यांना एकदा हो म्हणून टाकावं, म्हणजे सगळे निवांत होतील, असं मला वाटायला लागलं होतं. त्या सुनंदाचं काय होईल हा विचार यायचा, आणि मी तो जिनिंगच्या आवाजात बुडवून टाकायचो.

व्याख्यान गावातल्या वाचनालयात होतं. दर हिवाळ्यात तिथं व्याख्यानमाला असायची, आणि त्या वर्षीचं एक पुष्प मोठेबाबांचं: ‘निसर्गाचे नियम आणि आजचा युवक’. माझ्यावर केलेल्या अभ्यासातून हा विषय त्यांना सुचला होता. माझं नाव घेणार नाही, असं त्यांनी मला आपण होऊन वचन दिलं, आणि मग निरागसपणे प्रयोगाचं टेबल सांभाळायला मलाच उभं केलं. टेबलावर शाळेतून मोडीत निघालेली दोन पट्टीचुंबकं होती, लाल रंगाची, टोकांवर पांढऱ्या अक्षरांत उ आणि द. खुर्च्या बऱ्यापैकी भरल्या होत्या. मोठी आई बायकांच्या बाजूला जांभळं लुगडं नेसून बसली होती. मोठेबाबांनी घसा साफ केला. समोर माणसं बसली की ते वऱ्हाडी सोडून पुस्तकातलं मराठी बोलत.

“निसर्ग पक्षपात करत नाही,” त्यांनी सुरुवात केली. “त्याचा एक नियम आहे. विजातीय ध्रुव एकमेकांना आकर्षित करतात. सजातीय ध्रुव एकमेकांना दूर ढकलतात. हे आपण आता प्रत्यक्ष पाहू. आजकाल काही तरुण या नियमाच्या विरुद्ध जाऊ पाहतात. त्यांनी नीट पाहावं.” आणि माझ्याकडं बघून मान हलवली.

मी एक चुंबक टेबलावर ठेवलं आणि दुसऱ्याचा उत्तर ध्रुव पहिल्याच्या उत्तर ध्रुवाजवळ नेला. हळूच ‘टक्’ असा आवाज झाला. दोन्ही चिकटले.

मोठेबाबा म्हणाले, “पुन्हा कर.” मी ते ओढून वेगळे केले आणि पुन्हा जवळ नेले. पुन्हा टक्.

“सर, लगन लागलं!” मागून कोणीतरी ओरडलं, आणि सगळं वाचनालय हसलं. मोठेबाबा टेबलापाशी आले, चुंबकं हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली. पुढच्या रांगेतली एक शाळकरी मुलगी उभी राहिली. “सर, एक चुंबक कमजोर झालं असंन. जोरदार चुंबक कमजोराले कसंही ओढून घेते.”

“शाबास!” मोठेबाबांच्या तोंडून आपसूक निघून गेलं. “अगदी बरोबर. बस.” आणि ती बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपलाच प्रयोग खोडून काढणाऱ्या उत्तराला आपण शाबासकी दिली. लोक आणखी हसले. मीही हसलो, हसू आवरेचना. इतके दिवस माझ्या डोक्यावर टांगलेला तो निसर्गाचा नियम सगळ्यांच्या देखत टक् करून खाली पडला होता, आणि मला पिसासारखं हलकं वाटत होतं.

मोठेबाबांनी चुंबकं बाजूला सारली. हार मानणं त्यांना ठाऊक नव्हतं. “चुंबक जाऊ द्या,” ते जरा मोठ्या आवाजात म्हणाले. “झाड घ्या. आपण सगळे संत्र्याचे लोक. झाड कशासाठी असतं? फळासाठी. दोघांनी एकत्र येण्याचा निसर्गाचा हेतू एकच, फळ. ज्या जोडीला फळ नाही ती जोडी म्हणजे निसर्गाचं अपयश. हे मी म्हणत नाही, विज्ञान म्हणतं.”

मागच्या बाकावरून एक पोरगा उठला. बहुतेक त्यांच्याच हाताखालून गेलेला असावा. हसण्याचा रंग चढलेला होता, त्याच भरात तो म्हणाला, “सर, मंग तुमच्या झाडाले किती फळं लागले?”

तरुण पोरं खदखदून हसली. वयस्कर माणसं एकदम खाली पाहायला लागली. मी मोठेबाबांकडं पाहिलं. ज्या माणसाला चहापासून चंद्रापर्यंत प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं, तो दोन्ही हात टेबलावर टेकून उभा होता. बायकांच्या बाजूचं ते जांभळं लुगडं जागचं हललं नाही. माझं हसू कुठल्या कुठं गेलं. मला तेव्हा स्वच्छ दिसलं की हे हसणं माझ्या बाजूचं मुळीच नव्हतं. याच लोकांना मी कोण आहे हे कळलं असतं, तर हीच तोंडं याच जोरात माझ्यावर हसली असती. त्यांना हसायला कोणीतरी हवं होतं, आणि आज मोठेबाबा सापडले होते.

मी दोन्ही चुंबकं हातात घेतली आणि वर धरली. “एक लागलं न, भाऊ,” मी म्हटलं. “हे काय, तुह्या समोर उभं आहे.”

पुन्हा हसू आलं, पण वेगळं. कोणीतरी टाळी वाजवली, मग आणखी काहींनी. तो पोरगा कान पकडून खाली बसला. मोठेबाबांनी माझ्याकडं पाहिलं, मग लोकांकडं, आणि म्हणाले, “बाहेर चहाची व्यवस्था केली आहे.” निष्कर्ष न सांगता खाली बसलेले मोठेबाबा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

आम्ही तिघं चालत घरी आलो. उन्हं उतरत होती, रस्त्यानं संत्र्यांनी भरलेल्या मेटॅडोर नागपूरकडं चालल्या होत्या. मोठेबाबांनी एकाही गोष्टीचं कारण सांगितलं नाही. घरी आल्यावर मोठ्या आईनं लुगडंही बदललं नाही, तशीच चुलीपाशी गेली, चहा टाकला आणि आम्हा दोघांसमोर कप आणून ठेवले. मग समोर बसली.

“मास्तर, एक विचारू?”

“विचार.”

“आपलं लग्न म्हणजे अपयश झालं का?”

“मी झाडाबद्दल बोलून राहिलो होतो,” मोठेबाबा हळू म्हणाले.

“झाडाले कोण विचारते? तुम्ही मले नागपूरच्या डॉक्टरायकडं नेलं. तुमच्या मायनं सांगितलं, दुसरी कर. तुमच्या मामानं पोरगी बी पाहून ठेवली होती. तुम्ही नाई केली. काहून नाई केली?”

मोठेबाबांना प्रश्नच कळेना. “काहून म्हणजे? तू होती न.”

“मंग याच्या वेळेसच तुम्हाले झाड काहून आठवते?” मोठी आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. ती उठून पिठाच्या डब्याकडं गेली, आणि तो वरचा डबा तिनं त्या दिवशी स्टूल घेऊन स्वतःच काढला.

मोठेबाबांनी कप बाजूला सरकवला. मग मला विचारलं. इतक्या दिवसांत त्यांनी मला पुष्कळ सांगितलं होतं, विचारलं मात्र पहिल्यांदा. “तुले खरंच काही फरक नाई पडला? थोडाही?”

“नाई, मोठेबाबा. मी रोज सकाळी पाहतो. काहीच नाई बदललं.”

“रोज पाहते? कायले रे?”

“तुम्ही सांगितलं म्हणून.”

त्यांनी चष्मा काढला. बाबांसारखाच पुसतील असं मला वाटलं. पुसला नाही, मांडीवर ठेवला आणि तळव्यांनी डोळे दाबून बसले. “आता नको पाहू,” ते म्हणाले. “बंद कर ते. अन् कुस्ती आवडत असंन तं जा, नाई तं नको जाऊ.” कुस्ती मी चालू ठेवली.

रविवारी मोहगावला ते एकटेच गेले. छत्री घेऊन सकाळच्या बसनं गेले आणि दुपारी उशिरा परत आले ते घामाघूम, पण चेहरा खुललेला. “मोडलं,” दारातूनच म्हणाले. “एकनाडी सांगितली.”

मोठ्या आईच्या हातातलं लाटणं थांबलं. पत्रिकेला ते जन्मभर रद्दी म्हणत आले होते. स्वतःच्या लग्नात त्यांनी ज्योतिषाशी ग्रहांच्या अंतरावरून भांडण केलं होतं. “तुम्ही? तुम्ही नाडी सांगितली?”

“मंग काय सांगतो? खरं सांगितलं असतं तं सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत याचं अन् त्या पोरीचं नाव झालं असतं. एकनाडी म्हटलं की कोणाचा दोष नाई.” मग ते खाटेवर बसले आणि त्यांना राहवलं नाही. मुलीच्या वडिलांनी म्हणे विरोध केला, आमच्या जोशीबुवांनी तर सगळे गुण जुळवले आहेत. त्यावर मोठेबाबांनी त्यांना समजावलं की जोशीबुवांना आधुनिक शास्त्र माहीत नाही. नाडी म्हणजे प्रत्यक्षात रक्तगट, आणि एक नाडी असली की रक्ताच्या प्रवाहांची टक्कर होते. कागदावर बाणांसहित आकृतीही काढून दिली. ते गृहस्थ इतके भारावले की त्यांनी पाव किलो बत्तासे बांधून दिले आणि धाकट्या मुलाची पत्रिकाही मोठेबाबांकडूनच तपासून घेईन म्हणाले. मोठी आई पदर तोंडात धरून हसत होती. “आता मोहगावले दुकान टाका, मास्तर!” सुनंदा पुढे बीएड करून शिक्षिका झाली. एकदा नागपूरच्या बसमध्ये मला भेटली, नवरा सोबत होता. तेव्हा पाठवलेल्या फोटोवरून तिनंच मला ओळखलं आणि हसून म्हणाली, “तुमच्या मोठेबाबांची ती रक्ताची आकृती आमच्या बाबांनी कित्येक वर्षं दुकानात लावून ठेवली होती.”

बाबांना हे सगळं पचायला वेळ लागला. मोठेबाबांनी पांढुर्ण्याला जाऊन त्यांना एवढंच सांगितलं की पोट्ट्यात बिघाड नाही, आपलं निदान चुकलं. दादाचं निदान चुकू शकतं हाच बाबांना मोठा धक्का होता. पुढची काही वर्षं ते माझ्याशी फक्त पावसापाण्याचं बोलायचे. तिकडं पाऊस आहे का, इकडं नाही. आईनं मात्र त्याच हिवाळ्यात सोललेल्या तुरीच्या दाण्यांचा डबा बसनं सौंसरला पाठवला. चिठ्ठी नव्हती. सगळे दाणे होते, टरफल एकही नव्हतं.

नागपुरात मला नोकरी लागली, आणि काही वर्षांनी दिनेश भेटला. तो लोधीखेड्याचा, बँकेत कारकून, स्वभावानं शांत आणि जेवायला बसला की त्याहून शांत. आम्ही एकत्र राहू लागलो. मी त्याला आधी सौंसरला नेलं, मग घरी पांढुर्ण्याला. बाबांनी त्यालाही पावसाचं विचारलं, म्हणजे त्याला घरात घेतलं असं आम्ही धरून चाललो.

आतेबहिणीचं लग्न पांढुर्ण्यात होतं तेव्हाची गोष्ट. पंगतीत मी, मध्ये दिनेश आणि पलीकडं मोठेबाबा. ते आता पुष्कळ म्हातारे झाले होते, पण भूक आणि आवाज शाबूत होते. समोरच्या ओळीत नात्यातले एक गृहस्थ होते, कुठल्याशा शिबिराहून नुकतेच परतलेले. आमच्या दोघांकडं एकदा बघून त्यांनी शेजाऱ्याला, पण आम्हाला ऐकू जाईल असं, सांगायला सुरुवात केली. सारख्याला सारखं जोडून सृष्टी चालत नाही, हे धर्मच नाही, विज्ञानही सांगतं. दिनेश पानावरच्या भाताचा डोंगर शांतपणे फोडत राहिला. मी पाण्याचा ग्लास उचलला. तेवढ्यात मोठेबाबांनी घसा साफ केला, आणि तो आवाज ओळखून मी ग्लास खाली ठेवला.

“कोणतं विज्ञान, साहेब?” त्यांनी विचारलं. “तुम्ही आता श्वास घेऊन राहिले न? त्या हवेत काय आहे माहीत आहे? ऑक्सिजनचे दोन अणू, दोघं सारखे, एकमेकाले धरून. हायड्रोजनचे दोन, सारखे. अन् नायट्रोजन! हवेत सगळ्यात जास्त तोच. त्याचे दोघं एकमेकाले असे घट्ट धरून राहतात की वर वीज कडाडल्याशिवाय सुटत नाईत. ही सारी सारख्या-सारख्याची जोडपी आहेत. तुम्हाले पसंत नसंन तं नका घेऊ श्वास.”

त्या गृहस्थांच्या हातातली जिलबी अर्ध्यावर थांबली. आजूबाजूचे चार लोक हसले. त्यांनी खरंच एकदा श्वास घेतला आणि घाईनं पानाकडं पाहायला लागले. मी दिनेशच्या पाठीमागून वाकून मोठेबाबांच्या कानाशी गेलो. “मोठेबाबा, अणूचा अन् माणसाचा काही संबंध नाई. मी रसायनशास्त्र शिकलो आहे. हे सारं चूक आहे.”

“मले माहीत आहे,” ते तितक्याच हळू म्हणाले. “पार चूक आहे. पण त्यायले कुठं माहीत आहे?”

आणि मग मांडवाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या वाढप्याला त्यांनी वर्गातल्या आवाजात हाक मारली, “अरे ए, इकडं ये! आमच्या जावयाच्या पानावर मठ्ठा वाढ!” पंगतीतल्या बऱ्याच माना वळल्या. दिनेशचे कान लाल झाले. पलीकडच्या ओळीत बाबा बसले होते, त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, “दोन वाट्या वाढ.” मोठेबाबा ताठ बसून समोरच्या सगळ्या चेहऱ्यांवरून सावकाश नजर फिरवत राहिले, कोणाला काही शंका असेल तर विचारून घ्या अशा बेतानं. कोणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांच्याकडं अजून अख्खा कार्बन शिल्लक होता.